अपडेट बंद झालेला जुना लॅपटॉप वापरताना या चुका टाळा

नवे सॉफ्टवेअर बसवायला घ्यावे आणि ‘या संगणकावर हे चालणार नाही’ एवढे एकच वाक्य पडद्यावर यावे, की कालपर्यंत बिनतक्रार चालणारा लॅपटॉप एकाएकी भंगारात काढण्याजोगा वाटू लागतो. मी स्वतः बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आजही लेखनासाठी रोज वापरतो आणि ओळखीच्या अनेकांची अशी यंत्रे मार्गी लावून दिली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की जुन्या लॅपटॉपचे बहुतेक नुकसान उपाय चुकीच्या क्रमाने केल्यामुळे होते. आधी फॉरमॅट आणि मग विचार, असा तो क्रम असतो.

नकार नेमका कोणाचा आहे, हे न पाहणे

ही सर्वांत मूळ चूक आहे. लॅपटॉप ‘जुना झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात यंत्र, ऑपरेटिंग सिस्टीम (म्हणजे यंत्र चालवणारी विंडोजसारखी मूळ प्रणाली) आणि तिच्यावर चालणारा प्रोग्रॅम या तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात, आणि त्यांपैकी कोणी मान टाकली आहे यावर पुढचा सगळा उपाय अवलंबून असतो. क्रोम ब्राउझरचे उदाहरण घ्या. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी त्याची शेवटची आवृत्ती १०९ क्रमांकाची होती. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ११० क्रमांकाच्या आवृत्तीपासून किमान विंडोज १० लागू लागले. इथे नकार ऑपरेटिंग सिस्टीममुळे आलेला आहे, कारण त्याच यंत्रावर दुसरी प्रणाली बसवली तर नवा ब्राउझर विनासायास चालतो.

विंडोज ११ चे मात्र तसे नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूटची (यंत्र सुरू होताना फक्त मान्य प्रणालीच चालू देणारी) सोय आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. तरीही नकार आला म्हणून लगेच निराश होऊ नये. कित्येक यंत्रांत टीपीएमची सोय असते, पण ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या यंत्रांत ती ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या यंत्रांत ‘एफटीपीएम’ या नावाने शोधावी. बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय चालू असेल, तर या सेटिंगना हात लावण्यापूर्वी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, कारण पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना ती मागितली जाण्याची शक्यता असते आणि ती नसेल तर स्वतःच्याच फाइल स्वतःला बंद होतात.

आणखी एक जागा पाहायची राहून जाते. सेटिंगमधल्या ‘अबाउट’ या पानावर सिस्टीम टाइपसमोर ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४ प्रोसेसर’ असे लिहिलेले असेल, तर प्रोसेसर ६४-बिटचा असूनही त्याच्यावर ३२-बिटची प्रणाली बसवलेली आहे, असा त्याचा अर्थ होतो. नवे सॉफ्टवेअर बहुधा ६४-बिटच्या प्रणालीसाठीच असते, त्यामुळे असा लॅपटॉप वर्षानुवर्षे त्याचा नकार झेलत राहतो आणि त्यात यंत्राचा काहीच दोष नसतो.

फाइलची प्रत न काढता दुरुस्तीला बसणे

हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि तरीही घाईत राहून जाते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा एखादा फोल्डर उघडायला मिनिटभर लागत असेल, तर डिस्क तपासणारे किंवा डीफ्रॅग करणारे (विखुरलेल्या फाइल सलग लावणारे) प्रोग्रॅम आधी चालवू नयेत. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तेवढे श्रमही पुरेसे असतात. पहिल्यांदा छायाचित्रे आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर काढावीत, त्यांतल्या चार-पाच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात, आणि मगच पुढचे पाऊल उचलावे. प्रत काढली पण ती कधी उघडूनच पाहिली नाही, अशा प्रतीवर विसंबणे धोक्याचे असते.

घड्याळ मागे पडलेले न दिसणे

एका नातेवाइकांचा लॅपटॉप काही महिने कपाटात पडून होता. बाहेर काढल्यावर कोणतेही संकेतस्थळ उघडेना. प्रत्येक ठिकाणी ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ हा इशारा येई. त्यांनी ब्राउझर काढून पुन्हा बसवला, अँटिव्हायरस बदलला, राउटरसुद्धा बंद करून पुन्हा सुरू केला. मी पाहिले तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात जानेवारी महिन्याची पहिली तारीख होती, आणि वर्ष तो लॅपटॉप घेतला त्याच्याही आधीचे होते. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन तारखा असतात. संगणकाचे घड्याळच काही वर्षे मागे असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेले दिसते आणि तो दार उघडत नाही. काही ब्राउझर घड्याळ मागे असल्याचे स्पष्ट सांगतात, पण सगळे सांगत नाहीत.

तारीख दुरुस्त करताच सगळी संकेतस्थळे उघडली, आणि चार्जर काढून ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा मागे गेली. आतल्या बोर्डावरचा घड्याळाचा छोटा सेल संपलेला होता. अनेक लॅपटॉपमध्ये तो नाण्याच्या आकाराचा, ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो. काही यंत्रांत त्याला वायर आणि प्लग जोडलेला असतो, त्यामुळे आधी जुना सेल पाहून मगच नवा आणावा.

घड्याळ बरोबर असूनही इशारा येत असेल, तर कारण प्रमाणपत्रांच्या मुळाशी असू शकते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर आधारलेली होती, ते ३० सप्टेंबर २०२१ रोजी कालबाह्य झाले आणि कित्येक जुन्या संगणकांवर व फोनवर असंख्य संकेतस्थळे एकाच दिवशी उघडेनाशी झाली. फायरफॉक्स हा ब्राउझर मूळ प्रमाणपत्रांची यादी स्वतःबरोबर बाळगतो, म्हणून अशा वेळी तो उपयोगी पडतो. इशारा ओलांडून ‘तरीही पुढे जा’ दाबण्याची सवय मात्र लावून घेऊ नये, कारण खरोखर फसवणूक होत असेल तेव्हाही हाच इशारा दिसणार असतो.

‘मी संशयास्पद काही उघडतच नाही’ या भरवशावर राहणे

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा-अपडेटची जी योजना आली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली होती. यंत्र त्या योजनेत बसत असेल तर नोंदणी जरूर करावी. पण आधार संपल्यानंतरही संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो आणि काही बिघडल्यासारखे वाटत नाही, म्हणून अनेक जण या तारखेला महत्त्व देत नाहीत. त्यातच विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसला विषाणूंच्या ओळखीची नवी माहिती मिळत राहते, त्यामुळे ‘अपडेट तर येत आहेत’ असा समज होतो. घराला चांगला राखणदार ठेवला म्हणून मागच्या दाराची तुटलेली कडी दुरुस्त होत नाही, हा फरक इथे लक्षात घ्यायला हवा. अँटिव्हायरस आलेल्याला ओळखण्याचा प्रयत्न करतो. विषाणू ज्या फटीतून आत येतो ती फट बुजवण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमच्या अपडेटचे असते.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला, तेव्हा त्याला कोणी ईमेल उघडण्याची किंवा काही क्लिक करण्याची गरज पडली नाही. नेटवर्कवर फाइल देण्याघेण्याच्या विंडोजमधल्या सोयीत एक दोष होता, त्यातून तो एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप जात राहिला. त्या दोषाची दुरुस्ती मार्च महिन्यातच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले, आणि आधार केव्हाच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठी कंपनीला अपवाद म्हणून वेगळी दुरुस्ती काढावी लागली. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की सुरक्षा-अपडेट बंद झालेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार आणि मुख्य ईमेल करू नयेत, मग आपण कितीही सावध असलो तरी.

यादी चुकवून विंडोज ११ बसवणे

अटींची तपासणी वगळून ही प्रणाली बसवण्याच्या युक्त्या आहेत आणि त्या चालतातही. पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती बहुधा पुन्हा हाताने बसवावी लागते. २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरला काही विशिष्ट आज्ञा (इन्स्ट्रक्शन) समजणे सक्तीचे झाले, त्यामुळे साधारण २००८ पूर्वीचे प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर ती सुरूच होत नाही. हातखंडा असलेल्याने फावल्या वेळात हा प्रयोग करायला हरकत नाही. ज्या लॅपटॉपवर रोजचे काम अवलंबून आहे, त्याच्यावर मी तो करणार नाही.

नवी आवृत्ती प्रत्येक वेळी हिताचीच असते, असेही नाही. ॲपलच्या मॅकओएस या प्रणालीच्या २०१९ मधील कॅटालिना या आवृत्तीने ३२-बिटचे प्रोग्रॅम चालवणे पूर्णपणे बंद केले. ज्यांचे काम अशा एखाद्या जुन्या प्रोग्रॅमवर चालत होते, त्यांनी न तपासता अपग्रेड केले आणि तो प्रोग्रॅम त्यांच्या हातून गेला.

मंदपणावर चुकीच्या जागी खर्च करणे

‘पीसी क्लीनर’ किंवा ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचे प्रोग्रॅम बसवून लॅपटॉप वेगवान होत नाही. उलट ते पार्श्वभूमीत चालत राहून आणखी जागा अडवतात. जुन्या लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर खरा अडथळा बहुतेक वेळा तिथेच असतो. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कच्या एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात आणि विखुरलेला प्रत्येक तुकडा वाचताना तिला तेवढे थांबावे लागू शकते. एसएसडीला, म्हणजे फिरणारे भाग नसलेल्या डिस्कला, त्याच कामाला त्याचा अगदी लहानसा अंश पुरतो. अडीच इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये सहज बसते.

रॅम वाढवताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे ती चूक निदान हाताला कळते. डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांतला फरक मात्र दिसत नाही. पहिली १.५ व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ व्होल्टवर, फक्त कमी व्होल्टेज देणाऱ्या यंत्रात साधी डीडीआर३ घातली तर ते सुरू होत नाही आणि आपण बोर्डच गेला असे समजून बसतो.

पंख्याचा आवाज वाढून वेग कमी होत असेल, तर पंखा आणि त्याच्यापुढची धातूची जाळी यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. हवेच्या फवाऱ्याने धूळ काढताना पंख्याचे पाते एखाद्या काडीने धरून ठेवावे, म्हणजे ते भलत्या वेगाने फिरून खराब होत नाही.

फुगलेल्या बॅटरीकडे दुर्लक्ष करणे

टचपॅड दाबायला घट्ट लागू लागला, लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगू लागला किंवा झाकण नीट मिटेनासे झाले, तर त्याच दिवशी वापर थांबवावा. हा बॅटरी फुगल्याचा पुरावा असतो. तिला दाबून बसवू नये, टोचू नये आणि पुन्हा चार्जही करू नये, कारण लिथियम-आयन बॅटरी फाटली तर पेट घेते. ती काढून घेतल्यानंतर बरेच लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालू शकतात. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यावी.

लिनक्स न चाखता थेट बसवणे

विंडोजचा आधार संपलेल्या यंत्रासाठी लिनक्स ही मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम हा माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग आहे. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आहे. परंतु डिस्क पुसण्यापूर्वी ती प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते, आणि ही पायरी अनेक जण गाळतात. तासभर तिच्यावर बसून वायफाय, आवाज, पडद्याचा प्रकाश कमी-जास्त करणारी बटणे, कॅमेरा, आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र जागे होते का, एवढे पाहावे. वायफायची काही कार्डे, विशेषतः ब्रॉडकॉमची, वेगळा ड्रायव्हर मागतात आणि तो उतरवायला इंटरनेट लागते, म्हणून केबल किंवा फोनचे यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट केबलने संगणकाला देण्याची सोय) हाताशी ठेवावे. पेन ड्राइव्हवरून प्रणाली संथ चालते, त्यावरून वेगाचा निष्कर्ष काढू नये. प्रोसेसरच ३२-बिटचा असेल तर पर्याय आता थोडे उरले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या आवृत्तीनेही अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले.

प्रणाली बदलण्याआधी जुन्या मराठी मजकुराचीही तपासणी करावी. युनिकोड (प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच क्रमांक देणारी पद्धत) रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेल्या फाइल नव्या संगणकावर उघडल्या की ओळीच्या ओळी रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या दिसतात, कारण त्या फाँटमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले होते. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण तो वाचण्याची किल्ली जुन्या यंत्रावरच्या त्या फाँटमध्ये असते. म्हणून लॅपटॉप चालू आहे तोवरच फाँटच्या फाइल जपून ठेवाव्यात, मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे, आणि जोडाक्षरे व रफार नीट उतरले आहेत का हे मूळ फाइल शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहावे.

एखादा जुना प्रोग्रॅम किंवा जुना स्कॅनर केवळ जुन्या विंडोजवरच चालत असेल आणि त्याला पर्याय नसेल, तर तो लॅपटॉप त्या एका कामासाठी राखावा, त्याचे वायफाय कायमचे बंद ठेवावे, आणि फाइल त्याच कामासाठी बाजूला काढलेल्या पेन ड्राइव्हने न्याव्या-आणाव्यात. तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या यंत्राला लावला की आधी अँटिव्हायरसने तपासावा आणि मगच उघडावा.