जीआरबी झाला तिथे आधी काय होतं? जुन्या स्काय सर्व्हेच्या फोटोत कसं शोधायचं

गॅमा रे बर्स्ट म्हणजे जीआरबी (दूरच्या दीर्घिकेतल्या स्फोटातून येणारा गॅमा किरणांचा क्षणभराचा झोत) सापडल्याची बातमी आली की सगळे नव्या फोटोच्या मागे लागतात, पण घरी बसून नुसत्या ब्राउझरवर करता येईल असं काम उलट्या बाजूचं आहे, म्हणजे त्याच जागेचे दहा, तीस, सत्तर वर्षांपूर्वीचे फोटो काढून बघायचं की तिथे आधी काही होतं का. दुर्बीण नको, पैसे नकोत, फोटो सगळे फुकट. एकच गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. फोटोत काही दिसत नाही म्हणजे तिथे काहीच नाही असं नसतं, त्या फोटोच्या लिमिटपर्यंत, म्हणजे त्यात उमटू शकेल अशा सगळ्यात फिकट वस्तूपर्यंत, काही नाही एवढंच ते असतं. बहुतेक गडबड इथेच होते.

आधी जागा नीट मिळवा. नासाच्या जीसीएन सर्क्युलरमध्ये (खगोलशास्त्रज्ञ एकमेकांना पाठवतात त्या छोट्या सूचना) आजकालच्या बर्स्टची पोझिशन येते, आणि नावातच तारीख असते, ०८०३१९बी म्हणजे २००८ च्या १९ मार्चचा दुसरा. पण पोझिशन कुठल्या यंत्राची आहे ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. फर्मी उपग्रहाच्या जीबीएम या यंत्राची असेल तर एरर कित्येक अंशांचा असतो, तेवढ्या आकाशात शोधाशोध करण्यात अर्थ नाही, सरळ सोडून द्या. स्विफ्ट उपग्रहाच्या बॅट या गॅमा किरणांच्या यंत्राची असेल तर साधारण ३ आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग म्हणजे आर्कमिनिट, त्याचा साठावा आर्कसेकंद), त्याच्याच एक्सआरटी या क्ष-किरण दुर्बिणीची असेल तर काही आर्कसेकंद, आणि ऑप्टिकल आफ्टरग्लो, म्हणजे बर्स्टनंतर मागे उरणारा दृश्य प्रकाश, सापडला असेल तर एक आर्कसेकंदाच्या आत, मग मजा आहे. अजून एक, सत्तर-ऐंशीच्या दशकातले बर्स्ट बघत असाल तर पोझिशन बी१९५० मध्ये, म्हणजे १९५० सालच्या आकाशाच्या जाळीवर, दिलेली असते, ती आजची जे२००० समजून टाकलीत तर अर्धा-पाऊण अंश बाजूला जाऊन भलत्याच ताऱ्यांकडे बघत बसाल.

आता फोटो. नुसती नजर टाकायची तर ब्राउझरमध्ये चालणारा आकाशाचा नकाशा अलादिन लाइट उघडा, सर्चमध्ये आरए आणि डेक (आकाशातले रेखांश आणि अक्षांश) टाका, वरून सर्व्हे बदलत रहा. मोजमाप करायचं असेल तर नासाच्या स्कायव्ह्यू साइटवरून फिट्स फाइल (खगोलशास्त्रातल्या फोटोंचा फॉरमॅट) घ्या, जेपेग नको, कारण फिट्सच्या हेडरमध्ये बहुतेकदा फोटो कधी काढला ती तारीख असते आणि आपल्याला तीच सगळ्यात जास्त लागते.

डीएसएस म्हणजे जुन्या काचेच्या प्लेट स्कॅन करून बनवलेला सर्व्हे. उत्तरेकडच्या प्लेट पालोमारच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीच्या, पहिली फेरी १९४९ ते १९५८ आणि दुसरी ऐंशी-नव्वदच्या दशकातली, दक्षिणेकडच्या ऑस्ट्रेलियातल्या यूके श्मिटच्या. लाल प्रकाशातली प्लेट साधारण २०-२१ मॅग्निट्यूडपर्यंत जाते (मॅग्निट्यूड म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकट). स्लोन या सर्व्हेची आर बँड (लाल फिल्टर) लिमिट २२ च्या थोडी पुढे, पण तो सगळं आकाश कव्हर करत नाही. पॅनस्टार्स हवाईतल्या १.८ मीटर दुर्बिणीचा, २०१० ते २०१४ चा, बरेच फोटो एकत्र करून २३ च्या आसपास पोचतो, फक्त डेक उणे ३० च्या खाली नाही. लेगसी सर्व्हे अजून खोल जातो पण आकाशगंगेचा पट्टा सोडून. माझं मत विचाराल तर पॅनस्टार्सपासून सुरू करा आणि डीएसएसकडे जुन्या तारखेसाठी जा, खोलीसाठी नाही.

सरावाला तीन जागा घ्या, मुद्दाम वेगवेगळ्या. पहिली जीआरबी ९८०४२५, आरए १९ ३५ ०३, डेक उणे ५२ ५० ४६. डीएसएसमध्ये तिथे ईएसओ १८४-जी८२ नावाची छोटी सर्पिल दीर्घिका चक्क दिसते, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरची, आणि याच दीर्घिकेच्या एका फाट्यात बर्स्टसोबत सुपरनोव्हा १९९८बीडब्ल्यू सापडला. जुन्या प्लेटमध्ये तो ठिपका नाही, १९९८ च्या फोटोत आहे, झालं. (पॅनस्टार्समध्ये ही जागा शोधू नका, डेक बघा.) दुसरी ०८०३१९बी, १४ ३१ ४१, अधिक ३६ १८ ०९. हा बर्स्ट काही सेकंद ५.३ मॅग्निट्यूडला पोचला होता, म्हणजे अंधाऱ्या जागी कुणी नेमकं तिकडेच बघत असता तर नुसत्या डोळ्यांनी दिसला असता, आणि तो प्रकाश निघाला होता सुमारे साडेसातशे कोटी वर्षांपूर्वी. जुन्या फोटोत तिथे? काही नाही. त्याची होस्ट दीर्घिका, म्हणजे ज्या दीर्घिकेत बर्स्ट झाला ती, इतकी फिकट आहे की या कुठल्याच सर्व्हेच्या हाती लागत नाही. तिसरी २२१००९ए, १९ १३ ०३.५, अधिक १९ ४६ २४, आजवरचा सगळ्यात तेजस्वी नोंदलेला बर्स्ट. ही जागा आकाशगंगेच्या पट्ट्यात आहे, त्यामुळे फोटो उघडलात की ताऱ्यांची नुसती खिचडी, वर धुळीने कित्येक मॅग्निट्यूड खाल्लेले. स्विफ्टच्या टीमलासुद्धा आधी वाटलं होतं की हे आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी आहे. अशा जागी धुळीमुळे लिमिट किती घटतं ते आधी बघायचं, मग बोलायचं.

नवा फोटो आणि जुना फोटो एकावर एक ठेवून आलटून पालटून बघणं, ज्याला ब्लिंक म्हणतात, ते अलादिनच्या डेस्कटॉप व्हर्जनमध्ये होतं. लडाखमधल्या हानलेची ग्रोथ इंडिया दुर्बीण, जी आयआयए (बेंगळुरूची खगोलभौतिकी संस्था) आणि आयआयटी बॉम्बेची आहे, तिथली मंडळी पॅनस्टार्सचा फोटो रेफरन्स म्हणून घेऊन नव्या फोटोतून वजाच करतात, उरतो तो नवा ठिपका. आपल्याला ब्लिंक पुरे.

ठिपका नवा दिसला की लगेच उड्या मारू नका. ताऱ्याची स्वतःची गती बघा, वर्षाला ०.२ आर्कसेकंद सरकणारा साधा ताराही पन्नासच्या दशकातल्या प्लेटपासून आजपर्यंत १४ आर्कसेकंद सरकलेला असतो, म्हणजे जुन्या जागी गायब आणि नव्या जागी हजर. लघुग्रह तासाला अर्धा आर्कमिनिट सहज सरकतो म्हणून पाऊण तासाच्या जुन्या लाल प्लेटवर त्याची रेघ उमटते, पण आजच्या छोट्या एक्सपोजरमध्ये तो अगदी ताऱ्यासारखा दिसतो. आणि उलट, जुन्या प्लेटवरच ठिपका असेल आणि नंतर नसेल तर आधी प्लेटचा दोष समजा. पालोमारच्या पहिल्या फेरीत लाल आणि निळी प्लेट एकामागोमाग घेतलेली असते, ठिपका दोन्हींपैकी एकाच प्लेटवर असेल तर विसरा.

यावरून एक जुनी गोष्ट. ब्रॅडली शेफर या खगोलशास्त्रज्ञांनी हार्वर्डच्या काचेच्या प्लेट चाळून १९८१ मध्ये छापलं की १९७८ च्या एका बर्स्टच्या जागी १९२८ च्या प्लेटवर ताऱ्यासारखा ठिपका आहे. तेव्हा बऱ्याच जणांना वाटायचं की बर्स्ट आपल्याच आकाशगंगेतल्या न्यूट्रॉन ताऱ्यांवर होतात आणि पुन्हा पुन्हा होतात, म्हणून पन्नास वर्षं आधीचा ठिपका शोधण्यात लॉजिक होतं. पुढे तो प्लेटचाच दोष असावा अशी शंका घेतली गेली. १९९७ मध्ये बेप्पोसॅक्स उपग्रहामुळे आफ्टरग्लो आणि रेडशिफ्ट (प्रकाश लाल बाजूला किती सरकला ते, त्यावरून अंतर कळतं) मिळाले, बर्स्ट अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचे निघाले, आणि जुन्या फोटोत आधीचा स्फोट शोधायचं कारणच राहिलं नाही. आता आपण शोधतो ते होस्टला.

होस्ट वाटणारी दीर्घिका पोझिशनच्या एररएवढ्या वर्तुळात सापडली तर ती योगायोगाने तिथे आहे का हे मोजा. दीर्घिकांच्या मोजणीवरून अंदाज असा निघतो की २० मॅग्निट्यूडपर्यंतची एखादी दीर्घिका २ आर्कसेकंदाच्या वर्तुळात योगायोगाने पडायची शक्यता सुमारे ०.३ टक्के, २३ पर्यंत गेलात तर जवळपास ३ टक्के. पण बॅटचं ३ आर्कमिनिटचं वर्तुळ घेतलंत तर २० पर्यंतच्याच वीसेक दीर्घिका आपोआप आत असतात, त्यातली सुंदर दिसणारी उचलून होस्ट म्हणणं म्हणजे शुद्ध थाप. शॉर्ट बर्स्ट (साधारण दोन सेकंदांच्या आतला) असेल तर मात्र वर्तुळाच्या बाहेरही बघा, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या ज्या जोड्यांच्या टकरीतून असे बर्स्ट होतात त्या दीर्घिकेपासून लांब भटकलेल्या असू शकतात, ०५०५०९बी च्या वेळी वर्तुळाजवळच ०.२२५ रेडशिफ्टची मोठी लंबवर्तुळाकार दीर्घिका होती आणि सगळ्यांचं बोट तिच्याकडेच गेलं.

रेडिओतही एक चक्कर मारा, नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने केलेला टीजीएसएस सर्व्हे १५० मेगाहर्ट्झवर डेक उणे ५३ च्या वरचं सगळं आकाश देतो, नंतर कुणी त्या जागी रेडिओ सोर्स दाखवला तर तो आधीपासूनचा आहे का ते तिथे कळतं, फक्त त्याचं रेझोल्यूशन २५ आर्कसेकंद आहे हे धरून चला.

शेवटी कुणाला कळवताना सर्व्हेचं नाव, फिल्टर, प्लेटची तारीख, लिमिट, आणि कुठल्या पोझिशनभोवती किती रेडियस बघितला एवढं लिहा. काही सापडलं नसेल तरी लिहा, २३ पर्यंत काही नाही हेही स्पेक्ट्रम घ्यायला निघालेल्या माणसाला उपयोगी पडतं.