संदर्भसूची हाताने टाइप करू नका

केळीवरच्या करप्याचा पेपर एका जर्नलने नाकारला, दुसऱ्याची संदर्भ लिहिण्याची शैली वेगळी. चाळीस संदर्भ पुन्हा लिहिण्यात माझे दोन रविवार गेले. आता असं करते:

१. झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यातल्या जादूच्या कांडीच्या चिन्हावर क्लिक करून डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) चिकटवला की लेखक, वर्ष, खंड, पानं आपोआप भरली जातात.
२. वर्डमध्ये संदर्भ आणि शेवटची सूची, दोन्ही झोटेरोच्या टॅबमधूनच टाकते.
३. जर्नल बदललं की 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मध्ये शैली बदलते. मजकुरात आडनाव आणि वर्ष देणाऱ्या एपीए शैलीचं क्रमांक देणारं व्हँकुव्हर होतं, नावांच्या जागी आकडे येतात.

जुन्या पुस्तिकांना डीओआय नसतो, त्या हातानेच भराव्या लागतात. आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत.

एक मात्र बघा. आपल्या खान्देशात दर दुसरा लेखक पाटील नाहीतर चौधरी! एकच माणूस एकीकडे 'पाटील, एस.' आणि दुसरीकडे 'पाटील, एस. बी.' असा भरला गेला, तर झोटेरो दोन माणसं धरतं आणि एपीएत मजकुरात आडनावाआधी आद्याक्षरं येऊ लागतात. तशी दिसली की आधी झोटेरोतल्या लायब्ररीत नाव सारखं करा, वर्डमध्ये खोडत बसू नका. पुढच्या रिफ्रेशला ती परत येतात.