सर्किट बोर्डाची कॅमेऱ्याने तपासणी : लहान कारखान्यात प्रकाशपेटी कशी उभारावी

शेतीपंपाचे मोबाईल स्टार्टर किंवा ठिबकचे टायमर बनवणाऱ्या लहान कारखान्यात पिक अँड प्लेस मशीन (बोर्डावर भाग आपोआप मांडणारे यंत्र) आले, की भाग बसवण्याचा वेग वाढतो. मात्र तपासणी भिंग आणि डोळे यांच्यावरच राहते आणि माल तिथे तुंबतो. रावेर किंवा शिरपूरकडच्या केळीच्या बागेत रात्रीच्या विजेवर चालणारा स्टार्टर बंद पडला, तर तिथे माणूस पाठवण्याचा खर्च बोर्डाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. म्हणून कॅमेऱ्याने तपासणी करण्याची सोय कारखान्यातच उभारणे शहाणपणाचे ठरते. या कामात पहिला प्रश्न बहुधा ‘कॅमेरा कोणता घ्यावा’ असा विचारला जातो. खरे तर आधी प्रकाश ठरवावा, कारण जो दोष छायाचित्रात उमटलेलाच नाही, तो कोणतेही सॉफ्टवेअर शोधून देणार नाही.

तपासणीची जागा रीफ्लो ओव्हननंतर (सोल्डरची पेस्ट वितळवून भाग बोर्डाला जोडणाऱ्या भट्टीनंतर), पण रिले, उंच कपॅसिटर आणि टर्मिनल लावण्यापूर्वी ठेवावी. हे उंच भाग आधी लावले, तर त्यांची सावली शेजारच्या बारीक रेझिस्टरांवर पडते आणि कडेला बसवलेले भाग त्यांच्या आड लपतात.

कॅमेऱ्याचा हिशेब सोपा आहे. १२ मेगापिक्सेलच्या, म्हणजे ४०५६ × ३०४० बिंदूंच्या कॅमेऱ्यात सुमारे १०५ मिलिमीटर रुंदीचे क्षेत्र बसवले, तर एक बिंदू साधारण ०.०२६ मिलिमीटरचा होतो. या मापाने ०६०३ आकाराचा रेझिस्टर (१.६ × ०.८ मिलिमीटर) सुमारे ६१ × ३१ बिंदूंत दिसतो, आणि त्याची जागा, तिरपेपणा व गैरहजेरी ओळखायला एवढे पुरते. बोर्ड याहून मोठा असेल, तर कॅमेरा वर नेण्याऐवजी बोर्ड सरकवून दोन छायाचित्रे घ्यावीत.

आता प्रकाशाकडे वळू. सोल्डर चकाकते, त्यामुळे ट्यूबलाइटच्या उजेडात चांगला आणि वाईट सांधा दोन्ही सारखेच झगमगतात. यावर उद्योगात पूर्वीपासून रुळलेला उपाय म्हणजे वेगवेगळ्या उंचीवरून वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकणे. लेन्सभोवती लाल एलईडींचे कडे लावावे, म्हणजे तो प्रकाश जवळजवळ सरळ खाली पडतो; निळे कडे बोर्डाच्या पातळीपासून थोडेच वर, सुमारे २० अंशांच्या चढावर ठेवावे. किरण उभ्या रेषेशी जेवढा कोन करतो, त्याच्या निम्म्या कोनात कललेला पृष्ठभाग तो किरण सरळ वर कॅमेऱ्याकडे परतवतो. म्हणून सपाट, सोल्डर न चढलेला पॅड (भाग जोडण्याची तांब्याची जागा) लाल दिसतो, आणि भागाच्या टोकाला चढलेला सोल्डरचा उतार जिथे ३५ अंशांच्या आसपास कलतो तिथे निळी पट्टी उमटते. रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना निळी पट्टी असेल तर सांधा भरलेला समजावा. एका बाजूला लाल रंग थेट टोकापर्यंत पोहोचला असेल, तर तो बोर्ड बाजूला काढावा.

आयसीवरची (चिपवरची) अक्षरे आणि डायोडची पट्टी वाचण्यासाठी मात्र चहूबाजूंनी येणारा मऊ पांढरा प्रकाश लागतो. त्यासाठी बांधकामावरचे लोखंडी घमेले उत्तम चालते. ते आतून चकाकी नसलेल्या पांढऱ्या रंगाने रंगवावे, तळाला मधोमध लेन्सपुरते भोक पाडावे, पालथे घालावे आणि कडेला पांढरी एलईडी पट्टी वरच्या दिशेने तोंड करून लावावी. प्रकाश आधी घमेल्याच्या आतल्या बाजूवर आपटतो आणि मगच बोर्डावर उतरतो. अशा रीतीने प्रत्येक बोर्डाची दोन छायाचित्रे घ्यावीत : एक लाल-निळ्या प्रकाशात, दुसरे पांढऱ्यात.

एलईडींना स्थिर विद्युतप्रवाह देणारा ड्रायव्हर वापरावा, कारण आपल्याकडचे व्होल्टेज दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरेच असते. कॅमेऱ्यातील स्वयंचलित एक्स्पोजर (प्रकाश घेण्याचा वेळ), गेन (उजेड वाढवून दाखवण्याचे प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) बंद करून हाताने ठरवावेत. कॅमेरा आणि दिवे ज्या पेटीत बसवले ती बाहेरच्या उजेडापासून पूर्ण बंद ठेवता येत नसेल, तर एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवावा. ५० हर्ट्‌झच्या विजेवरील दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्याचा परिणाम त्यामुळे जाणवत नाही.

बोर्डाची जागा ओळखण्यासाठी डिझाइनमध्येच कर्णाच्या दोन टोकांना १ मिलिमीटर व्यासाचे गोल तांब्याचे ठिपके ठेवावेत आणि त्यांच्याभोवती हिरवा थर नसलेली मोकळी जागा सोडावी. पिक अँड प्लेस मशीनही याच ठिपक्यांवरून दिशा घेते. बोर्ड सरकत्या पट्ट्यावरून येत असेल, तर कॅमेऱ्याला इशारा देणारा प्रकाश-सेन्सर समोरासमोरच्या प्रकारचा (एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला ग्राहक) निवडावा. परावर्तनावर चालणारा सेन्सर चकचकीत बोर्डावर फसतो. समोरासमोरच्या सेन्सरची प्रकाशरेषा बोर्डाच्या कडेवरून न्यावी, नाहीतर मधल्या भोकांमुळे एकाच बोर्डाचे दोन इशारे जातात. एप्रिल-मे महिन्यांत धूळ इतकी येते, की सेन्सरची काच रोज सकाळी पुसण्याचे काम कोणाकडे तरी नेमून द्यावे लागते.

सॉफ्टवेअरसाठी ओपनसीव्ही हे छायाचित्रे तपासण्याचे मोफत साधन पुरेसे आहे; बोर्डाचे छायाचित्र चांगल्या बोर्डाच्या नमुन्याशी ताडून पाहायचे असते. नमुना म्हणून एकच चांगला बोर्ड घेऊ नये, कारण कपॅसिटरचा रंग लॉटप्रमाणे बदलतो; निरनिराळ्या लॉटचे बोर्ड घ्यावेत. त्यानंतर भंगारातल्या बोर्डांवर मुद्दाम दोष तयार करावेत : एक रेझिस्टर काढून टाकावा, एक उभा करावा, डायोड उलटा लावावा, आयसीच्या दोन पायांत सोल्डर सांडावे. हे सगळे पकडले जाईपर्यंत मर्यादा (नमुन्यापासून किती फरक चालेल ते) घट्ट करावी आणि त्यानंतरच चांगले बोर्ड विनाकारण अडतात का, ते पाहावे. क्रम उलटा केला, तर शेवटी घट्ट केलेल्या मर्यादेमुळे चांगले बोर्डही अडतात आणि कामगार खोट्या इशाऱ्यांना कंटाळून पाहणेच सोडतात. शिशाच्या आणि बिनशिशाच्या सोल्डरसाठी वेगळ्या मर्यादा ठेवाव्यात, कारण बिनशिशाचा सांधा मंद आणि खरखरीत दिसतो.

मे महिन्यात दोष अचानक वाढले, तर आधी पेस्टकडे पाहावे. जळगाव-भुसावळचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, तर पेस्ट छापण्याची खोली साधारण २५ अंशांवर असावी. उष्णतेत पेस्ट पसरते आणि तिच्यातील फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारे रसायन) सुकतो. कूलर लावणे हा उपाय नव्हे. तो हवेत ओलावा सोडतो आणि पेस्ट तो शोषून घेते. फ्रिजमधला डबा झाकण न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, अन्यथा आत दव धरते आणि ओव्हनमध्ये सोल्डरचे बारीक गोळे उडतात.

आयसीच्या पोटाखालील सांधे मात्र कोणत्याही प्रकाशात दिसत नाहीत; त्यांच्यासाठी बोर्ड चालवून पाहण्याची चाचणी कायम ठेवावी.

हे सर्व उभारताना प्रकाशाची एखादी खरोखर नवी रचना सुचली, तर ती प्रदर्शनात मांडण्यापूर्वी किंवा तिचा व्हिडिओ टाकण्यापूर्वी मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करावा. पूर्ण तपशील देण्यासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात, आणि मंजूर पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षे असते. १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(के) नुसार निव्वळ संगणकीय प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही, म्हणून अर्जात दिव्यांची जागा, कोन आणि त्यांचा कॅमेऱ्याशी जुळवलेला क्रम यांचे आकृत्यांसह वर्णन करावे. वर सांगितलेली लाल-निळी मांडणी जुनीच आहे. तिच्यावर हक्क सांगू नये.