तालुक्याच्या गावी दुकान टाकताना: फ्रँचायझी घ्यावी की स्वतःचं नाव लावावं?

फ्रँचायझीत तुम्ही पैसे मोजून दुसऱ्याचं नाव आणि त्याची बसलेली पद्धत वापरायला घेता. म्हणून आधी हे तपासा, की त्या नावाला तुमच्या गावात गिऱ्हाईक येतं का. विदर्भातल्या दारव्हा, आर्वी, दर्यापूर, मेहकर अशा ठिकाणी कुरिअर किंवा चष्म्याच्या दुकानात ओळखीच्या नावाचा भरवसा चालतो. चहा-नाश्त्यात चव चालते. पोहे-तर्रीला लोक पाटी पाहून येत नाहीत.

वही घेऊन ज्या चौकात जागा पाहिली तिथे सात दिवस बसा. तशाच दुकानात तासाला किती गिऱ्हाईक जातं, सरासरी किती रुपयांचं घेतं, ते लिहा. आठवडी बाजाराचा दिवस वेगळा मांडा. त्या दिवसाच्या गल्ल्याला ३० ने गुणलं की हिशेब तिथेच फसतो. मोजणी दिवाळीत करू नका. सोयाबीन-कापसाचा पैसा तेव्हा हातात खेळतो, जूनमध्ये तो बी-खतात जातो आणि पोळ्यापर्यंत खिसा आखडलेला असतो. मे महिन्यात भरदुपारी रस्ता ओस पडतो. मंदीच्या दिवसांत मोजलेला आकडाच खरा धरा.

आता एक नमुना हिशेब. नाश्त्याची फ्रँचायझी, ८ लाखांचं कर्ज, ५ वर्षं, ११ टक्के व्याज: हप्ता साधारण १७,४०० रुपये. रोजचा गल्ला ८,००० धरला तर महिन्याची विक्री २,४०,०००. कच्चा माल ४५ टक्के, म्हणजे १,०८,०००. रॉयल्टी, म्हणजे नाव वापरल्याबद्दल कंपनीला द्यायचा विक्रीतला हिस्सा, ५ टक्के, १२,०००, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,१६०. भाडं १२,०००, तीन पोरांचा पगार ३६,०००, वीज ९,०००, नासधूस-दुरुस्ती ६,०००. उरले ५४,८४०, हप्ता गेल्यावर साडेसदतीस हजारांच्या आसपास. चांगलं वाटतं. पण गल्ला ५,००० वर आला की हप्त्याआधी उरतात फक्त १०,६५०. म्हणजे दर महिन्याला पावणेसात हजार घरातून घालायचे. रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही, त्यामुळे तोट्याच्या महिन्यातही ती द्यावीच लागते. शिवाय ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या खाण्याच्या दुकानाला फ्रँचायझी फी आणि रॉयल्टीवर भरलेला जीएसटी आपल्या देण्याच्या जीएसटीतून वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच धरा.

हिशेब मंदीतही तगला, तरच करारनामा हातात घ्या. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे कागदावर जे लिहिलं तेच तुमचं संरक्षण. कंपनी दुसऱ्या कुणाला दुकान देणार नाही ती हद्द ‘संपूर्ण तालुका’ की ‘एक किलोमीटर’? माल कंपनीकडूनच घ्यायचा का, आणि मुदत संपलेला माल परत कोण घेणार? अनामत किती दिवसांत परत? वाद झाला तर कोर्ट कुठलं? दिल्लीचं असेल तर ते कलम आपल्या जिल्ह्याचं करून मागा. दुकानाचा भाडेकरार आणि फ्रँचायझीची मुदत सारखी ठेवा, आणि भाडेकरार नोंदणीकृतच करा. नाहीतर तीन-साडेतीन लाखांचं फर्निचर बसवल्यावर अकराव्या महिन्यात मालक जागा खाली करायला सांगतो.

कंपनीने दिलेल्या यादीतल्या लोकांना फोन करून भागत नाही. तुमच्याएवढ्याच गावातली दोन-तीन दुकानं स्वतः शोधून जा आणि मालाची खरेदी बिलं पाहा. नागपूरहून गाडी किती दिवसांनी येते, हेही विचारा. गोठवलेला माल असेल तर लोडशेडिंगचं आधी बघा. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट कितीतरी पट ओढतो, म्हणून डीप फ्रीझर साध्या घरगुती इन्व्हर्टरवर भरवशाने चालत नाही. जनरेटरचा खर्च धरा.

फसवणूकही याच टप्प्यावर होते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंद आणि ट्रेडमार्क नोंदणीत नावाचा मालक तपासा. ‘आजच बुकिंग करा’ म्हणत कुणाच्या बचत खात्यावर पैसे मागितले तर थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

स्वतःचं नाव तिथे लावा, जिथे माल शिवारातला आहे: तुरीची डाळ, मिरची कांडप, हळद. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल गावपातळीवर चालवायलाच बनवलेली आहे. इथे रॉयल्टी नाही, पण घडी बसायला वेळ लागतो, म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच सुरुवात करा. उधारी हा इथला खरा खड्डा. ‘कापूस विकला की देतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं. पहिल्याच दिवशी घरटी मर्यादा ठरवा, वहीवर सही घ्या, आणि एकूण उधारी महिन्याच्या खरेदीच्या चौथ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. त्यापुढे गेली की व्यापाऱ्याचे पैसे थकतात आणि माल बंद होतो.

नवा उद्योग काढायला कर्जासोबत अनुदान देणाऱ्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागासाठी सर्वसाधारण गटाला २५ आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटाला ३५ टक्के अनुदान आहे. जिल्हा उद्योग केंद्रात त्या वर्षीचं उद्दिष्ट शिल्लक आहे का ते विचारून अर्ज करा. हे अनुदान हाती येत नाही, तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं. त्यातून माल भरायचा बेत करू नका.