फ्लॉरेन्सला निघण्याआधी वाचताय? या चुका टाळा

प्रबोधनकाळातल्या चित्रकलेवरचं जाडजूड पुस्तक घ्यायचं आणि पहिल्या पानापासून वाचत सुटायचं, ही पहिली चूक. मी ती केली आहे. सुरुवातीच्या जॉत्तो या चित्रकारापासून निघालो, मिकेलांजेलोपर्यंत पोहोचायच्या आत विमानाचा दिवस उजाडला. शिवाय जे वाचलं त्यातली कितीतरी चित्रं फ्लॉरेन्समध्ये नाहीतच. मोनालिसा पॅरिसला, ‘द लास्ट सपर’ मिलानला.

म्हणून उलटीकडून सुरुवात करा. आधी ठिकाणं ठरवा, मग त्या भिंतीपुरतं वाचा. ब्रांकाच्ची चॅपेलचंच घ्या, फ्लॉरेन्समधल्या एका चर्चमधलं छोटं प्रार्थनागृह. आत मोजका वेळ मिळतो. १४२०च्या दशकात मासोलिनो आणि मासाच्चो यांनी इथे ओल्या गिलाव्यावर चित्रं काढली, आणि दोघांचे आदम-ईव्ह समोरासमोर आहेत. मासोलिनोचे कसे शांत, फोटोला उभे राहिल्यासारखे. मासाच्चोचे स्वर्गातून हाकललेले: आदमने तोंड झाकून घेतलंय, ईव्ह तोंड वासून रडतेय. १४२८ मध्ये मासाच्चो गेला तेव्हा तो सत्तावीसचाही नव्हता. एवढं माहीत असलं की दोन भिंतींमध्ये मान वळवत राहण्यातच वेळ संपतो.

वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांतल्या चित्रांवर मात्र विसंबू नका. याच आदम-ईव्हच्या अंगावर नंतर कुणीतरी सोवळेपणाने पानं रंगवली होती. १९८०च्या दशकातल्या साफसफाईत ती काढली. रोमच्या सिस्टीन चॅपेलचं छतही त्याच सुमारास धुतलं गेलं. त्याआधीचे फोटो पाहून गेलात तर तिथले झगझगीत रंग बघून चक्रावाल.

वसारी वाचाच, पण सगळं खरं मानू नका. १५५० मध्ये त्याने चित्रकारांची चरित्रं छापली. गडी गोष्टीवेल्हाळ, त्यात तोस्कानाचा, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांताचा, अभिमानी. कास्तान्यो या चित्रकाराने मत्सरापोटी दोमेनिको वेनेत्सियानो या दुसऱ्या चित्रकाराचा खून केला, असं तो रंगवून सांगतो. प्रत्यक्षात कास्तान्यो १४५७ मध्ये प्लेगने गेला आणि दोमेनिको त्याच्यानंतर चार वर्षांनी!

‘क्वात्रोचेंतो’ (शब्दशः ‘चारशे’) वाचून चौदावं शतक समजू नका. ते १४०० ते १४९९, म्हणजे पंधरावं.

तारखांपेक्षा संतांच्या खुणा पाठ करा. कटेवर हात दिसले की विठ्ठल, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. तिथे किल्ल्या दिसल्या की पीटर, मोडकं चाक म्हणजे कॅथरिन, पायाशी सिंह असेल तर जेरोम, आणि अंगात बाण रुतलेला सेबास्टियन. उफीझी या फ्लॉरेन्सच्या कलासंग्रहालयात दहा मिनिटांत फरक कळतो.

नावांचा घोळही आधीच मिटवा. तिथल्या पाटीवर राफाएल ‘राफाएल्लो’ असतो, टिशियन ‘तित्सियानो’, आणि रेल्वेच्या फलकावर फ्लॉरेन्स ‘फिरेंझे’.

शेवटचं वाचनातलं नाही, खिशातलं आहे. काही चर्चमध्ये चित्रावरचा दिवा पेटीत नाणं टाकल्यावरच लागतो, आणि थोड्या वेळाने आपसूक विझतो. सुटे युरो जवळ ठेवा.