डोंगरातल्या गावाच्या आराखड्यावर बोलायला जाताय? मग जायच्या आधी एवढं करून ठेवा

गावाच्या नव्या आराखड्यावर सूचना-हरकती मागवल्यात, मीटिंगची तारीख लागली, की सगळे एकदम जागे होतात आणि तिथे जाऊन एकच वाक्य बोलतात, आमच्या गावाचं गावपण जपा. मी एका अशा सुनावणीला दोन तास बसलेय, माणसं अगदी पोटतिडकीने बोलत होती, एक आजी तर आपल्या अंगणातून शिखर कसं दिसतं ते सांगताना थांबल्या, पुढे बोलवेना त्यांना. नंतर इतिवृत्त हातात आलं तर त्यात फक्त एक ओळ, "नागरिकांनी गावाच्या स्वरूपाबद्दल चिंता व्यक्त केली." बास. शिखराचा उल्लेखच नाही. कारण आजींचं अंगण नकाशावर कुठे आहे आणि तिथून शिखर दिसत राहायचं तर समोरच्या प्लॉटवर किती उंची चालेल हे कोणीच सांगितलं नव्हतं, आम्ही पण नाही. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की जे मनात आहे ते मीटर, अंश आणि कलम नंबर यात बसवून न्यायचं, मग ते कागदावर येतं. खालची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

पहिलं काम, ड्राफ्ट वाचा, आणि पुढची रंगीत चित्रं सोडून सरळ मागचे तक्ते उघडा. उंची, मजले, सेटबॅक (म्हणजे हद्दीपासून बांधकाम किती मागे ठेवायचं), छपराचा उतार, पार्किंग, सगळं तिथे असतं. वाचताना दोन रंगांचे पेन घ्या, जे बंधनकारक आहे ते एका रंगात आणि जी नुसती शिफारस आहे ती दुसऱ्या रंगात, कारण "शक्यतो स्थानिक दगड वापरावा" यातल्या "शक्यतो"मुळे त्या वाक्याला काही धार राहत नाही. आणि सवलत कोण देऊ शकतं, कुठल्या कारणासाठी, ते पान तर नक्की शोधा. नियम कितीही चांगला असला तरी त्या पानावरून सगळं वाहून जाऊ शकतं.

मग चालायला निघा. एकटे नको, तीन-चार जण, त्यात एखादं वयस्कर माणूस आणि एखादं शाळकरी मूल असू द्या, त्यांना वेगळ्या गोष्टी दिसतात. ज्या ज्या जागेवरून डोंगर दिसतो म्हणून आपण थबकतो, ती जागा नकाशावर खुणेने लावा आणि डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढा, झूम न करता, नाहीतर समोरचा म्हणणार डोंगर मुद्दाम मोठा दाखवलाय. हे नुसतं हौसेचं काम नाहीये. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ॲस्पेनमध्ये ठरावीक सार्वजनिक जागांवरून डोंगराकडे जाणाऱ्या नजरेच्या रेषा नियमातच आखून दिल्यात, त्यातली एक तिथल्या जुन्या ऑपेरा हाऊसपासून निघते. म्हणजे "दृश्य" हा शब्द नियमात बसवता येतो, फक्त कुठून कुठे ते सांगावं लागतं.

उंचीवर मात्र जास्त वेळ द्या, कारण उतारावर खरा घोळ इथेच होतो. इमारतीची उंची कुठून मोजायची, मूळ जमिनीपासून की भराव टाकून सपाट केलेल्या जमिनीपासून? आधी भराव टाकला आणि मग वरून मोजलं तर कागदावर तीन मजली असलेली इमारत खालच्या रस्त्यावरून पाच मजली दिसते, आणि कोणी नियम मोडलेला नसतो! त्यामुळे "उंची मूळ नैसर्गिक जमिनीपासून, सगळ्यात खालच्या बाजूने मोजावी" असं वाक्यच लिहून न्या. कोलोरॅडोतल्याच बोल्डर शहराने 1971 मध्ये 55 फुटांची मर्यादा घातली, आणि त्याच्याही आधी, 1959 मध्ये, लोकांनी मतदान करून ठरवलं की एका ठरावीक उंचीच्या रेषेच्या वर शहराचं पाणी द्यायचंच नाही. बांधकामाला थेट बंदी न घालता पाण्याची लाईन थांबवली आणि डोंगराचे उतार बरेचसे मोकळे राहिले. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण यात सामान्य माणसाला कळेल असा एकच प्रश्न होता.

उंची डोळ्यांनी बघायची असेल तर स्वित्झर्लंडची पद्धत मागा. तिथे परवानगीच्या आधी प्लॉटवर खांब उभे करतात, होणाऱ्या इमारतीच्या कोपऱ्यांवर, तेवढ्याच उंचीचे, छपराचा उतार दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्यांसकट. जाता-येता शेजारी वर बघतो आणि त्याला समजतं की उद्या आपल्या खिडकीसमोर काय येणार. कॉम्प्युटरवरचं चित्र कितीही सुंदर असू दे, त्यात आकाश नेहमी निळं आणि झाडं नेहमी वाढलेली असतात. आराखड्यात ही अट घालायला सांगा, निदान मोठ्या इमारतींसाठी तरी.

ऊन आणि बर्फ याचं गणित घरूनच करून न्या, अवघड नाहीये. 40 अंश उत्तर अक्षांशावर 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य जेमतेम 26.5 अंश वर असतो, म्हणजे 10 मीटर उंच भिंतीची सावली साधारण 20 मीटर पडते. रस्ता 12 मीटरचा असेल तर समोरचा फूटपाथ आणि दुकानाची पायरी पण सावलीत, आणि सावलीत गोठलेलं पाणी दिवसेंदिवस तसंच राहतं, त्यावरून घसरून म्हातारी माणसं पडतात. तेच छपराचं, उतार रस्त्याच्या बाजूला असेल तर वळचणीवरून बर्फाचा अख्खा थर खाली चालणाऱ्याच्या अंगावर येतो. दारावर आडोसा आहे का, बाजूला सारलेला बर्फ कुठे साठवणार, हे प्रश्न विचारले की लक्षात येतं प्लॅन करणाऱ्याने तिथे हिवाळा काढलाय की नाही.

दिसण्याबद्दल बोलताना जरा जपून. "जुन्या स्टाईलचं करा" म्हटलं की लाकडाच्या पट्ट्या आणि दगडाचं पातळ आवरण चिकटवलेली भलीमोठी इमारत येते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या लेव्हनवर्थने 1960 च्या दशकात ठरवून बव्हेरियन, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या डोंगरी गावांसारखं, रूप घेतलं आणि मरायला टेकलेलं गाव त्यावर तगलं, त्यांना दोष देणार नाही मी. पण जिथे आधीच स्वतःचं रूप आहे तिथे ते बाहेरून मागवायची गरज नाही. खरं रूप मापात असतं. मेन रोडवर टेप घेऊन जा आणि दहा जुन्या दुकानांची रुंदी मोजा, दार किती पावलांवर येतं, जोतं किती, खिडकी केवढी. मग चार प्लॉट जोडून एक सलग भिंत आली की नेमकं काय बिघडतं ते आकड्यात सांगता येतं.

आता एक काम रात्रीचं. सीझन नसताना, आठवड्यातल्या मधल्या दिवशी, आठ वाजता एका गल्लीतून फिरा आणि दिवे लागलेली घरं मोजा. वीसपैकी सहा घरांत दिवा असेल तर छपराच्या उतारावर भांडून काय मिळणार, गावात राहणारं माणूसच उरलं नाही. स्वित्झर्लंडने 2012 च्या सार्वमतात दुसऱ्या घरांवर, म्हणजे सुट्टीपुरत्या वापरायच्या घरांवर, 20 टक्क्यांची मर्यादा याच काळजीने घातली. कॅनडातल्या बॅन्फमध्ये राहायचं तर तिथे राहायचं कारण असावं लागतं, जसं की तिथली नोकरी. म्हणून हॉटेलात काम करणारे, शाळेतले शिक्षक, बस चालवणारे यांच्या घरांची मागणी तुमच्या यादीत वर असू द्या. आणि हो, त्यासाठी एखादी जास्त मजल्यांची इमारत गावात होऊ द्यावी लागली तर मी तरी हो म्हणेन, जागा नीट निवडली तर.

काही ठिकाणी आपणच मागे यायचं. लाकडी कौलांचं छप्पर कितीही गोड दिसत असलं तरी वणव्याच्या प्रदेशात उडत आलेली ठिणगी तिथेच पेटते, तेव्हा न जळणाऱ्या छपराला विरोध करू नका. आणि उतारावर किती वजन झेपेल हा प्रश्न तर सौंदर्याच्या कितीतरी आधी येतो. उत्तराखंडातल्या जोशीमठबद्दल 1976 मध्येच मिश्रा समितीने अवजड बांधकाम नको असं सांगितलं होतं, जानेवारी 2023 मध्ये घरांना पडलेल्या भेगा सगळ्यांनी बघितल्या. भूगर्भाचा अहवाल आणि पाणी वाहून जायच्या वाटांचा नकाशा मागा, जोडलेला नसेल तर तशी लेखी हरकत नोंदवा.

दिव्यांचं पटकन सांगते, झाकलेले, खाली तोंड केलेले, 3000 केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसर उजेडाचे. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या फ्लॅगस्टाफने आकाश अंधारं ठेवायचे नियम 1958 पासून केलेत. पार्किंगसाठी स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटचा दाखला द्या, तिथे पेट्रोल-डिझेलच्या गाड्या खालच्या गावात ठेवून पुढे ट्रेनने जातात.

मीटिंगच्या आदल्या दिवशी मुद्दे वाटून घ्या, एकाने उंची, एकाने ऊन-बर्फ, एकाने घरं, कारण प्रत्येकाला तीनच मिनिटं मिळणार आणि पाच जण तेच बोलले तर त्याचा एकच मुद्दा धरतात. प्रत्येकाकडे एक पान, वर कलम नंबर, खाली सध्याचं वाक्य, त्याखाली आपल्याला हवं ते वाक्य, शेजारी एक फोटो. ज्यांची त्या वेळी ड्युटी असते त्यांचं म्हणणं आधीच लिहून, सही घेऊन ठेवा, असल्या मीटिंगला नेमके तेच नसतात. घड्याळ लावून घरी एकदा मोठ्याने वाचा. कागदाच्या दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर पोच, तारखेसकट, तिथल्या तिथे घ्या. इतिवृत्त कधी मिळेल ते उठायच्या आधी विचारा, आणि मिळालं की आपल्या पानाशी ओळ न् ओळ ताडून बघा, काही गळलं असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचं पत्र द्या.