स्लाइड वाचून दाखवताय? प्रेझेंटेशनमधल्या या चुका टाळा

प्रेझेंटेशन फसलं की बहुतेकजण भीतीला दोष देतात. पण आवाज थरथरत असलेली माणसंही मी शेवटपर्यंत मन लावून ऐकली आहेत. कंटाळा आला तो आपलीच स्लाइड वाचून दाखवणाऱ्यांचा. डोळे मजकूर वाचत असले की कानावर पडणारं वाक्य मनात नीट उतरत नाही, आणि श्रोता तर तुमच्या बोलण्यापेक्षा भरभर वाचतो. तुम्ही दुसऱ्या ओळीवर असता तेव्हा त्याची स्लाइड वाचून संपलेली असते. पडद्यावर चित्र, आलेख किंवा एखादी ओळ ठेवा, बाकीचं तोंडी सांगा. मुद्दे विसरण्याची धास्ती असेल तर ते स्पीकर नोट्समध्ये लिहा. प्रेझेंटर व्ह्यू सुरू असला की त्या फक्त तुम्हाला दिसतात.

याहून गंभीर चूक म्हणजे महत्त्वाची गोष्ट तळाशी, बारीक अक्षरांत टाकणं. जानेवारी २००३ मध्ये नासाचं कोलंबिया अंतराळयान झेपावताना इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी नासापुढे आपलं विश्लेषण स्लाइडवर मांडलं. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. अगदी खाली मात्र लिहिलं होतं की इथे फोमचं आकारमान १९२० घन इंच आहे आणि ज्या चाचणीवर विश्लेषण बेतलं होतं त्यातल्या तुकड्याचं ३ घन इंच. म्हणजे तब्बल ६४० पट फरक! १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, सातही अंतराळवीर गेले. अपघात त्या स्लाइडमुळे झाला असं कुणी म्हणणार नाही. तरीही चौकशी मंडळाला आपल्या अहवालात या स्लाइडची दखल घ्यावीशी वाटली. म्हणून निष्कर्ष शीर्षकातच लिहा. ‘विक्रीचा आढावा’ यातून काहीच कळत नाही, ‘तिसऱ्या तिमाहीत विक्री घटली’ यातून सगळं कळतं.

‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’ हे ऐकून सगळी मेहनत हातवाऱ्यांवर घेणारेही भेटतात. हा आकडा ज्यांतून आला ते मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग सुट्या शब्दांतून जाणवणाऱ्या आवडी-नावडीपुरते होते. तुमचे शब्द महत्त्वाचे आहेतच.

मनातल्या मनात केलेली उजळणीही दगा देते. मनात आपण भराभर पुढे सरकतो, त्यामुळे वेळेचा अंदाज चुकतो. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून एकदा तरी पूर्ण बोला. तरीही ऐनवेळी वेळ कमी पडली तर वेग वाढवू नका, एखादा मुद्दा सरळ गाळा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं. मधल्या दहा स्लाइड सगळ्यांसमोर पळवाव्या लागत नाहीत. श्रोत्यांचं लक्ष स्वतःकडे हवं असेल तेव्हा ‘बी’ दाबा, पडदा काळा होतो.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की फॉन्ट बदलतो, जोडाक्षरं तुटतात, ओळी चौकटीबाहेर जातात. सोबत पीडीएफ प्रत ठेवा आणि लोक येण्याआधी ती तिथल्या पडद्यावर उघडून मागच्या रांगेतून वाचता येते का ते पाहा.

आणि शेवटची स्लाइड ‘धन्यवाद’ नको. प्रश्नोत्तरं चालू असताना तीच सर्वांत जास्त वेळ पडद्यावर राहते. तिथे तुमचा मुख्य आलेख असू द्या, म्हणजे लोक त्यावर बोट ठेवून प्रश्न विचारतील.